चांगले चित्र आणि बरोबर यंत्र

जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना 8 नोव्हेंबर 1895 रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. पुढील काही महिन्यांतच युरोप व अमेरिकेतील रुग्णालयांत मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या बंदुकीच्या गोळ्या शोधण्याकरिता या किरणांचा उपयोग होऊ लागला. त्या काळच्या क्ष-किरण नलिका मात्र मोठ्या लहरी होत्या. नलिकेतील हवा बरीचशी काढून टाकलेली असे. परंतु जो थोडा वायू मागे उरे, त्यावरच तिचे कार्य अवलंबून असे. वापराबरोबर हा वायू कमी होत जाई, नलिका ‘कठीण’ होई आणि तिच्यातून अधिकाधिक भेदक किरण निघू लागत. काल ज्या नलिकेने उत्तम चित्र दिले, तीच आज मांस आणि हाड यांतील फरक दाखवीनाशी होई. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी नलिकेची स्थिती पाहून घेणे भाग होते, आणि त्यासाठी सर्वांत जवळचे साधन म्हणजे पाहणाऱ्याचा स्वतःचा पंजा. चालक आपला हात नलिका व प्रतिदीप्त पडदा यांच्या मध्ये धरी; हाडांची छाया गडद आणि मांसाची फिकी दिसली की नलिका ठीक आहे असे समजून तो रुग्णाला आत बोलावी.

आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे यंत्राचे परीक्षणच होते. पण त्याची किंमत फार मोठी पडली. थॉमस एडिसन यांचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हा अशाच प्रयोगांत आपले हात पुनःपुन्हा किरणांत धरीत असे. त्याच्या हातांवर न भरणाऱ्या जखमा झाल्या, त्यांतून कर्करोग उद्भवला, शस्त्रक्रिया करून हात कापून टाकावे लागले, आणि 1904 साली तो मरण पावला. एडिसन यांनी क्ष-किरणांवरील काम सोडून दिले. जर्मनीतील हँबुर्ग येथे 1936 साली क्ष-किरण व रेडियम यांवर काम करताना बळी पडलेल्यांचे एक स्मारक उभारण्यात आले. त्यावर आरंभी 169 नावे कोरलेली होती.

हाताऐवजी दुसरे काहीतरी किरणांत धरावयाचे, ही कल्पना साधी असली तरी तिच्यातून एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. फ्रान्समधील बेन्वा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या पातळ चकतीभोवती वाढत्या जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पायऱ्या बसवून एक साधन तयार केले. चांदीची छाया कितव्या पायरीच्या छायेशी जुळते हे पाहिले म्हणजे किरणांची भेदकता अंकाने सांगता येई. मात्रेचे माप मात्र अजून कातडी हेच होते. किती किरण दिले असता त्वचा लाल होते, त्यावरून डॉक्टर अंदाज बांधीत; आणि गोऱ्या, सावळ्या, कोवळ्या, राठ अशा कातड्यांचे प्रकार लक्षात घेता हे माप किती भरवशाचे होते ते सांगावयास नको. स्टॉकहोम येथे 1928 साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने किरणांमुळे हवेत उत्पन्न होणाऱ्या विद्युत् भारावर आधारलेले ‘राँटगेन’ हे एकक मान्य केले, तेव्हा कोठे मनुष्याच्या देहाची या कामातून सुटका झाली. शरीरात प्रत्यक्ष शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेकरिता आज ‘ग्रे’ हे एकक वापरतात. ते 1975 साली स्वीकारण्यात आले.

यंत्रावरचा काटा किंवा आकडा जे सांगतो ते आणि प्रत्यक्षात जे घडते ते, यांचा मेळ एखाद्या विश्वसनीय मापाशी ताडून पाहणे, याला अंशशोधन किंवा व्यवहारातील शब्दाने कॅलिब्रेशन असे म्हणतात. बाजारात वाण्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो, तो याच तत्त्वावर. तराजूत पासंग आहे की नाही हे नुसत्या मालाच्या ढिगाकडे पाहून कळत नाही. त्याला दुसऱ्या, खात्रीच्या वजनाने तोलावे लागते. रुग्णालयातील यंत्राची गोष्ट याहून निराळी नाही. निराळे असेल तर एवढेच, की तेथे पासंगाचा तोटा गिऱ्हाइकाला घरी गेल्यावरही उमगत नाही.

यंत्र कोठे चुकते

अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी 1913 साली तप्त टंगस्टन तंतूची नलिका तयार केली आणि जुन्या नलिकांचा लहरीपणा संपला. आजच्या सर्व क्ष-किरण नलिका याच वंशातील आहेत. तंतू तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हजारो व्होल्टांच्या दाबाने ते धनाग्रावर आदळतात, आणि त्या आघातातून क्ष-किरण निर्माण होतात. दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली सारी उष्णता होते. ती एकाच ठिकाणी साचू नये म्हणून धनाग्राची टंगस्टनची तबकडी सतत फिरती ठेवतात.

चालकाच्या हाती मुख्यतः तीन गोष्टी असतात: विद्युत् दाब, विद्युत् प्रवाह आणि वेळ. दाबावर किरणांची भेदकता ठरते; प्रवाह आणि वेळ यांवर त्यांचे प्रमाण. यांपैकी दाबाची चूक सर्वांत घातक. दाब सुमारे 15 टक्क्यांनी वाढविला तर फिल्म जवळजवळ दुप्पट किरण दिल्याइतकी काळी होते. म्हणजे लहानशा चुकीचा परिणाम मोठा होतो. चूक उलट दिशेने असेल तर प्रकार अधिक फसवा. समजा, फलकावर 80 किलोव्होल्ट दिसतात आणि नलिकेवर प्रत्यक्षात 70 च पडतात. चित्र फिके येते. चालक अनुभवी असला तर तो कपाळाला आठी घालीत नाही. पुढच्या रुग्णाला थोडा अधिक वेळ देतो, आणि चित्र चांगले येते. काही दिवसांनी ‘या यंत्राला वेळ जरा जास्त लागतो’ हे त्या खोलीतील ज्ञान होऊन बसते, आणि नवा मनुष्य आला की त्यालाही ते शिकविले जाते. कमी भेदक किरण फिल्मपर्यंत पोहोचण्याऐवजी रुग्णाच्या कातडीत व वरच्या मांसात अडकून पडतात, ही गोष्ट चित्रात कोठेच दिसत नाही. चालकाच्या कौशल्याने यंत्राचा दोष झाकला गेला, आणि भुर्दंड रुग्णाने भरला.

हा दोष उत्पन्न होण्यास फार काही लागत नाही. विजेच्या तारेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात संध्याकाळी दिवे लागले, शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की पुरवठ्याचा दाब उतरतो. जुन्या यंत्रांत तो हाताने भरून काढण्याची कळ असते, आणि ती फिरविण्याचा विसर पडतो. नव्या उच्च-वारंवारता यंत्रांत ही दुरुस्ती आपोआप होते. पण आपोआप होणारी गोष्टही बिघडते, आणि ती बिघडली हे लवकर लक्षात येत नाही. नलिका म्हातारी होते तसे धनाग्रावर खड्डे पडतात, टंगस्टनची वाफ काचेच्या आतील बाजूस साचून किरण अडविते, आणि तेवढ्याच दाबाला व प्रवाहाला निघणारे किरण हळूहळू घटतात. थंडीच्या सकाळी गार धनाग्रावर एकदम पूर्ण भार टाकला तर तबकडीला तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून दिवसाच्या आरंभी कमी भारापासून चढत जाणारी काही उद्भासने रिकाम्या खोलीत देऊन नलिका गरम करून घ्यावयाची असते. या पाच मिनिटांची काटकसर करणाऱ्या रुग्णालयांना नलिका अकाली बदलावी लागते.

भोवरा आणि नाणी

यंत्राच्या परीक्षणाची साधने महागच असली पाहिजेत असे नाही. जुन्या यंत्रांत वेळ मापण्याची एक मोठी नामी युक्ती होती. धातूच्या गोल पत्र्याला कडेजवळ एक बारीक भोक पाडावयाचे, मध्ये आस बसवून त्याचा भोवरा करावयाचा, तो फिल्मच्या पेटीवर फिरवून सोडावयाचा आणि तो फिरत असताना किरण सोडावयाचे. आपल्या देशातील विजेचा प्रवाह सेकंदास 50 आवर्तने करतो. एककला पूर्ण-एकदिशीकृत यंत्रातून त्यामुळे किरणांचे सेकंदास 100 स्पंद निघतात. प्रत्येक स्पंदाला भोक नव्या जागी असते, आणि फिल्मवर प्रत्येक स्पंदाचा एक ठिपका उमटतो. घड्याळ 1/10 सेकंदावर लावले असेल तर ठिपके बरोबर 10 आले पाहिजेत. बारा आले तर घड्याळ जास्त वेळ देते. दहाच्या ठिकाणी पाचच आले तर बहुधा घड्याळाचा दोष नसून एकदिशकारकांपैकी एखादा निकामी झाला आहे आणि प्रत्येक दुसरा स्पंद गहाळ होतो आहे. पोराच्या खेळण्याने विजेच्या सेकंदाच्या शतांशापर्यंतचा हिशेब मांडून दाखवावा, ही गोष्ट आजही पाहणाऱ्याला गंमतीची वाटते. आधुनिक यंत्रांत दाब जवळजवळ स्थिर असल्याने ठिपके एकमेकांत मिसळून कमान उमटते. तेथे इलेक्ट्रॉनिक मापकच लागतो.

दुसरी कसोटी नाण्यांची. किरण शरीराच्या नेमक्या किती भागावर पडणार हे यंत्रातील दिव्याच्या उजेडाने दाखविले जाते. त्या उजेडाची चौकट आणि किरणांची चौकट एकच असावी लागते. पण दिव्यापुढचा आरसा थोडा हलला तरी दोहोंत अंतर पडते. फिल्मच्या पेटीवर उजेडाच्या चारही कडांना एकमेकांस चिकटलेल्या नाण्यांच्या जोड्या ठेवाव्या: एक नाणे कडेच्या आत, एक बाहेर. चौकटीहून मोठ्या फिल्मवर चित्र घेतले असता आतली चारही नाणी दिसावीत आणि बाहेरची दिसू नयेत. दोन चौकटींतील फरक नलिकेपासून फिल्मपर्यंतच्या अंतराच्या 2 टक्क्यांहून अधिक चालत नाही. अंतर एक मीटर असेल तर दोन सेंटिमीटर. हा फरक दुर्लक्षिला तर छातीच्या चित्रात फुप्फुसाची कड कापली जाते व चित्र पुन्हा घ्यावे लागते, किंवा लहान मुलाच्या बाबतीत जो भाग किरणांपासून वाचवावयाचा तोच त्यांत सापडतो.

शिशाच्या एप्रनची तपासणीही याच सदरात येते. एप्रन घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकण्याची सवय जवळपास सर्वत्र आढळते. घडीच्या रेषेवर आतील थराला चीर पडते, वरचे कापड मात्र शाबूत राहते. तो टांगून ठेवावा आणि वर्षातून एकदा तरी क्ष-किरणांखाली धरून पाहावा.

फिल्म गेली, साक्षीदार गेला

फिल्मच्या काळात निदान एक दोष लपत नसे. किरण जास्त झाले की फिल्म काळी होई, कमी झाले की पांढुरकी राही. डॉक्टर ती दिव्यासमोर धरून परत पाठवीत आणि चूक त्याच दिवशी कळे. आता फिल्मची जागा अंकीय पट्टिकांनी घेतली आहे. त्यांचा पल्ला इतका मोठा असतो की हवे त्याच्या दुप्पट-चौपट किरण पडले तरी संगणक उजळपणा सावरून नेहमीसारखेच चित्र पुढे ठेवतो. कमी किरण पडले तर चित्र दाणेदार दिसते व तक्रार येते. जास्त पडले तर ते अधिक गुळगुळीत, अधिक सुबक दिसते आणि कोणीच तक्रार करीत नाही. साहजिकच चालकाचा हात वरच्या बाजूला झुकू लागतो आणि महिन्यामागून महिना मात्रा नकळत वाढत जाते. याला उपाय म्हणून यंत्र प्रत्येक चित्रासोबत एक विचलनांक दाखविते. तो शून्य असेल तर पट्टिकेवर ठरल्याइतकेच किरण पडले. अधिक तीन म्हणजे सुमारे दुप्पट, उणे तीन म्हणजे सुमारे निम्मे. अंक पडद्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत असतो.

चांगले चित्र हा यंत्र बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, हे अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर प्रत्ययास आले. लॉस एंजेलिसमधील एका रुग्णालयात मेंदूतील रक्तप्रवाह पाहण्याकरिता सीटी यंत्राने तपासणी केली जात असे. या तपासणीत डोक्याच्या त्याच त्या भागाची चित्रे लागोपाठ अनेक वेळा घेतात. 2008 च्या फेब्रुवारीत यंत्रातील ठरीव मांडणीत बदल करण्यात आला. त्यानंतर सुमारे 18 महिने दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षित मात्रेच्या जवळजवळ आठपट मात्रा मिळत राहिली: डोक्याला अधिकात अधिक अर्धा ग्रे पडावयाचा, तेथे तीन ते चार ग्रे. यंत्र मोडलेले नव्हते. सांगितले तेच ते करीत होते. मात्रेचा आकडा फलकावर दर वेळी दिसत होता. पण तो किती असावा हे पाहणाऱ्याच्या मनाशी ठरलेले नसले तर आकडा दिसून उपयोग नाही. सुमारे तीन ग्रेच्या पुढे केस तात्पुरते गळतात. एका रुग्णाने केस गळाल्याची तक्रार केली आणि 2009 च्या ऑगस्टमध्ये हा प्रकार उजेडात आला. म्हणजे 1928 पूर्वीप्रमाणेच पुन्हा एकदा माणसाच्या कातडीनेच यंत्राचे माप काढून दाखविले.

पाण्याचे माप

सीटी यंत्राचे चित्र म्हणजे वस्तुतः अंकांचा तक्ता होय. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 1971 रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. त्यांच्याच नावाने हे अंक ओळखले जातात. शुद्ध पाण्याचा अंक शून्य आणि हवेचा उणे एक हजार, अशा दोन खुंट्यांवर ही पट्टी बांधली आहे. ती ढळली की सर्व अवयवांचे अंक ढळतात.

याचा परिणाम रुग्णावर कसा होतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मूत्रपिंडात पाण्यासारख्या द्रवाने भरलेली निरुपद्रवी पुटी पुष्कळांना असते. तिचा अंक साधारणपणे शून्य ते वीसच्या दरम्यान येतो. वीसच्या वरचा गोळा घन असण्याचा संभव असल्याने त्याची पुढे तपासणी करावी लागते. समजा, यंत्राची पट्टी पंधरा अंकांनी खाली सरकली आहे. ज्या गाठीचा खरा अंक 28 आहे ती 13 दाखविली जाईल, आणि रुग्णाला ‘काही नाही, साधी पुटी आहे’ असे सांगून घरी पाठविले जाईल. पट्टी तेवढीच वर सरकली असेल तर साध्या पुटीच्या माणसाला महिनाभर कर्करोगाची धास्ती आणि चाचण्यांचा खर्च सोसावा लागेल. दोन्ही चित्रे दिसावयास निर्दोषच असतील.

म्हणून रोज सकाळी पाण्याने भरलेले एक प्लास्टिकचे नळकांडे यंत्राच्या मेजावर ठेवून त्याचे चित्र घेतात. या नकली देहास फँटम म्हणतात. मध्यभागी व कडेच्या चार ठिकाणी पाण्याचा अंक मोजतात. तो शून्यापासून चार-पाच अंकांपेक्षा अधिक दूर असू नये, आणि मध्य व कड यांतही फारसा फरक नसावा. नळकांड्यात वर हवेचा बुडबुडा राहिला असेल तर मोजमाप त्याच्यापासून दूर घ्यावे. पाणी ऊर्ध्वपातित असावे. नळाचे भरले तर काही महिन्यांत त्यात शेवाळ धरते. शेकडो अभिज्ञातकांपैकी एखादाच जरी बेसूर झाला तरी चित्रात वर्तुळाकार कडी उमटते, आणि फँटमच्या एकसारख्या करड्या रंगावर ती लगेच ओळखू येते. रुग्णाच्या मेंदूत ती एखाद्या विकृतीसारखी भासण्याचा धोका असतो. मात्रा मोजण्याकरिता निराळा फँटम लागतो: अॅक्रिलिकचे भरीव नळकांडे, डोक्यासाठी 16 सेंटिमीटर व धडासाठी 32 सेंटिमीटर व्यासाचे, आणि त्यातील भोकांत सरकविण्याची पेन्सिलीसारखी 10 सेंटिमीटर लांबीची आयनीभवन कोठी.

इतर यंत्रांविषयी येथे थोडेच सांगता येईल. ध्वन्यातीत तपासणीचे यंत्र शरीरातील ध्वनीचा वेग सेकंदास 1,540 मीटर धरून अंतरे काढते, म्हणून त्याचा फँटमही त्याच वेगाच्या द्रव्याचा असतो. त्यातील तारा ठरल्या अंतरावर दिसल्या नाहीत तर गर्भाच्या मोजमापांवरही विश्वास ठेवता येत नाही. चुंबकीय अनुस्पंदन यंत्राच्या अतिवाहक चुंबकाला उणे 269 अंश सेल्सिअसच्या आसपासचा द्रवरूप हीलियम लागतो, आणि त्याची पातळी रात्रंदिवस पाहावी लागते.

मापाचे माप

ज्या मापकाने यंत्र तपासावयाचे तोच चुकीचा असेल तर? या प्रश्नाला शेवट असावा लागतो. रुग्णालयात येणाऱ्या परीक्षकाचा मापक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ताडून घेतलेला असतो, आणि तेथील मापकाचा मेळ तुर्भे येथील भाभा अणु संशोधन केंद्रात जतन केलेल्या राष्ट्रीय मानकाशी घातलेला असतो. वजनांच्या बाबतीत जी शिडी असते, तीच येथेही आहे. देशातील क्ष-किरण यंत्रांवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ 15 नोव्हेंबर 1983 रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. मंडळाच्या परवानगीशिवाय यंत्र चालविता येत नाही. निदानाच्या क्ष-किरण यंत्राची गुणवत्ता-तपासणी निदान दोन वर्षांतून एकदा, आणि नलिका बदलण्यासारख्या मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा, करून घ्यावी लागते. दाबातील फरक 5 किलोव्होल्टपेक्षा अधिक नसावा, आणि नलिकेच्या आवरणातून झिरपणारे किरण एक मीटर अंतरावर तासाला एक मिलिग्रेहून कमी असावेत, अशा मर्यादा त्यात ठरवून दिल्या आहेत.

दुरुस्तीनंतरच्या तपासणीचाच बहुधा विसर पडतो. यंत्र चार दिवस बंद होते, बाहेर रुग्णांची रांग लागली आहे, देखभाल-करारावरचा अभियंता नवी नलिका बसवून म्हणतो ‘चालू झाले’, आणि सर्वांना हायसे वाटते. यंत्र चालू होणे आणि बरोबर होणे यांतील अंतर मोजण्यास आणखी अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस मागण्याचा अधिकार कोणाचा, हे रुग्णालयाने आधीच ठरवून ठेवलेले बरे. रांगेसमोर उभे राहून ते ठरत नाही.

नोंदवहीबद्दल एक गोष्ट सांगावयाची राहिली. पाण्याचा अंक रोज मर्यादेत आहे, एवढेच पाहून बरोबरची खूण करणे पुरेसे नाही, अंक लिहावा. समजा, पहिल्या आठवड्यात तो 0 होता, दुसऱ्यात 1, तिसऱ्यात 1, चौथ्यात 2, पाचव्यात 3. यांतील प्रत्येक अंक मर्यादेच्या आत आहे आणि प्रत्येकापुढे खूण करता येते. पण एकाखाली एक लिहिलेला हा स्तंभ वाचणारा तंत्रज्ञ सहाव्या आठवड्याची वाट न पाहता अभियंत्याला बोलावणे पाठवितो.